नऊ वार भागिले चार

जुन्या साडीला नाशिक जिल्ह्यात फार मागणी आहे. खोटं वाटत असेल तर थंडीच्या दिवसांत दिंडोरी, पिंपळगाव, निफाड या बाजूला एक चक्कर मारून या. द्राक्षबागांच्या कडेने साड्याच साड्या बांधलेल्या दिसतील. अबोली, राणी, चटणी, पोपटी. कुणाच्या काठावर मोर, कुणाच्या पदरावर कोयऱ्या. उन्हाने मणी भाजू नयेत, धूळ बसू नये, पाखरांनी घड टोचू नयेत म्हणून बागाईतदार जुन्या साड्या रीतसर विकत घेतात. डाळिंबवाले तर झाडालाच साडी गुंडाळतात. याचा परिणाम बोहारणीच्या वागण्यावर झाला आहे. पूर्वी एका पातेल्यापायी ती चार साड्या मागायची, आणि सौदा ठरल्यावर उंबऱ्यात बसून ‘वर एक पँट द्या’ म्हणायची. हल्ली ती साडीचा पोतही पाहत नाही. लांबी पाहते.

बोहारीण आणि बागाईतदार या दोघांना तिसरा प्रतिस्पर्धी आमच्या घरात आहे. गंगापूर रोडवर, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दिवाणाच्या पोटात तो वर्षानुवर्षं साड्या गिळत बसलेला आहे. त्याला आम्ही ‘गोधडीचं गाठोडं’ म्हणतो. त्यातून गोधडी कधी निघेल ते सांगता येत नाही. पण घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली आणि ती वस्तू सुती असली, तर ती कुठे गेली हे सर्वांना ठाऊक असतं.

नाशिकला गोधडी लागते का, असं विचारणारे पाहुणे मुंबईचे असतात आणि मे महिन्यात आलेले असतात. डिसेंबरात ते विचारत नाहीत. दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर निफाडचा पारा असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमापकाने जिल्ह्याला जेवढी प्रसिद्धी मिळवून दिली तेवढी कांद्यानेही दिली नसेल. थंडी फार पडली की द्राक्षमणी तडकतात, म्हणून बागेत रात्री शेकोट्या पेटवतात. आमच्या रोडवर शेकोटीची सोय नाही. अशोकस्तंभापासून निघालेला हा रस्ता जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर करत धरणाकडे जातो, आणि पहाटे त्याच वाटेने धरणाकडची हवा उलटी शहरात येते. वॉचमन कानाला मफलर गुंडाळून बसतो आणि फ्लॅटमधली माणसं गाठोड्याकडे पाहू लागतात.

यंदा त्या पाहण्याला वेगळं वळण लागलं. आमची लेक ओहायोत असते. तिथे बर्फ पडतं, घराघरात हीटर असतो, आणि हीटर असूनही बायका हौसेने क्विल्ट शिवतात. लेकीला त्याचा नाद लागला. तिने आईला सोपे नमुने पाठवायला सुरुवात केली. ‘सोपे’ हा शब्द तिचा. माझ्या बायकोचं शिलाई मशीन तसं पडून होतं. परकर, अभ्रे आणि शेजारणीचा ब्लाऊज उसवून देणं एवढ्यावर त्याची कारकीर्द संपत आली होती. त्याला तेल मिळालं, नवी सुई मिळाली, बॉबिनवर पांढरा दोरा भरला गेला आणि जेवणाच्या टेबलावरून आम्हांला उठवण्यात आलं.

या अमेरिकन कलेचा सगळा मांड ब्लॉकवर आहे. एक चौकोन तयार करायचा, तसे पुष्कळ करायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. चौकोनांना नावं आहेत. नऊ तुकड्यांचा तो नाइन पॅच. मधे छोटा चौकोन ठेवून त्याच्याभोवती पट्ट्या जोडत जायचं तो लॉग केबिन. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यातला मधला तुकडा लाल असतो, कारण ती घरातली चूल. त्रिकोणांची रांग लावली की उडते बदक-हंस. ताक घुसळायच्या रवीवरूनही एका ब्लॉकचं नाव आहे. वळणावळणाच्या एका नमुन्याला तर ‘दारुड्याची वाट’ म्हणतात. आमच्या रोडच्या पुढच्या टोकाला द्राक्षमळे आणि वाइनरी आहेत आणि शनिवार-रविवारी तिकडे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ असते, हे माहीत असल्याने लेकीने तो नमुना मुद्दाम पाठवला. बायकोने तो बाजूला ठेवला. वाकडी शिलाई तिला मुद्दाम मारायची नव्हती.

ती नाइन पॅचवर स्थिरावली आणि तिथे माझा प्रवेश झाला. माझी नोकरी मोजमापांची. एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक भरण्यात हयात गेली, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुकडा साडेचार इंचांचा कापायचा. चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जातं, म्हणजे शिवून झाल्यावर तो चार इंचांचा उरतो. असे नऊ जोडले की बारा इंचांचा ब्लॉक. पाच ब्लॉक रुंदीला, सात लांबीला, म्हणजे साठ इंच बाय चौऱ्याऐंशी इंचांची एकेरी गोधडी. ब्लॉक पस्तीस. तुकडे तीनशे पंधरा. मी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा बायको म्हणाली, “तुम्ही चहा टाका.”

पण इंजिनिअरला खरी मौज पुढे आहे. साठ इंचांच्या रुंदीत पंधरा तुकडे येतात आणि त्यांच्यामध्ये चौदा शिलाया. समजा, प्रत्येक शिलाईत कापड एकच सूत जास्त दाबलं गेलं. चौदा शिलायांत चौदा सूत, म्हणजे पावणेदोन इंच. एका रांगेत हात जरा सैल आणि दुसऱ्या रांगेत घट्ट असला तर रांगा एकमेकींना जुळत नाहीत आणि चौकोनांचे कोपरे शेजाऱ्यांशी बोलायचे बंद होतात. याला सोपा नमुना म्हणतात. ओहायो स्टार म्हणून दुसरा एक सोपा नमुना आहे. त्याच्या एका ब्लॉकमध्येच पाच चौकोन आणि सोळा त्रिकोण. त्रिकोणाची तिरपी बाजू ताणली जाते, म्हणून ती शिवताना कापड ओढायचं नाही, सोडायचंही नाही. शाळेत भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलींना पुढे आयुष्यात हे शिवावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर निकाल वेगळे लागले असते.

या उद्योगाच्या ऐन मध्यात निफाडहून आत्या आली. आत्या दर हिवाळ्यात येते, कारण तिच्या मते नाशकात थंडी नसते. वय ऐंशीच्या पुढे, चष्मा एका काडीचा, आणि सुईत दोरा पहिल्या झटक्यात. टेबलावरच्या चौकोनांच्या चळती पाहून ती काय म्हणेल हे आम्ही दोघांनी मनात ठरवून ठेवलं होतं. नवं कापड आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि मग तेच तुकडे जोडत बसायचं, हा काय शहाणपणा, असं काहीतरी. आत्या तसं काही बोलली नाही. तिने एक तुकडा उचलला, बोटांत चोळला, आणि बायकोकडे आदराने पाहत म्हणाली, “कोऱ्या कापडाला कात्री लावलीस, सूनबाई? छाती पाहिजे बाई याला.”

तिच्या आयुष्यात कोरं कापड फाडणं हा श्रीमंतीचा खेळ होता, आणि सून तो खेळते आहे याचा तिला मनापासून अभिमान वाटला. हरकत तिने वेगळ्याच ठिकाणी घेतली. तयार झालेला ब्लॉक तिने उलटा केला. मागच्या बाजूला शिलायांच्या दुमडी, सुटे दोरे, पाव-पाव इंचांची किनार.

“ही बाजू कुठं जाती?”

“ती आत जाते, आत्याबाई. खाली दुसरं कापड लागतं. मधे बॅटिंग घालतात, स्पंजासारखं.”

“म्हंजी ही पांघरायची एकाच बाजूनं?”

बायको गप्प. कारण आत्याच्या गोधडीला सुलटी-उलटी अशी भानगडच नसते. वर एक लुगडं, खाली एक लुगडं, मधे घराचा इतिहास. एक बाजू मळकी दिसू लागली की उलटी करून पांघरायची; एका धुण्याचे कष्ट वाचतात.

गोधडीवर लिहायला बसलं की आजी आलीच पाहिजे, असा ललित लेखनाचा एक अलिखित नियम आहे. आजीचं मऊ लुगडं, त्याचा वास, तिच्या हाताची ऊब आणि शेवटी डोळ्यांत पाणी. माझी आजी गोधडी शिवत नसे. ती शिवून घ्यायची. उन्हाळ्यात शेतीची कामं सरली की गावातल्या दोघीतिघींना बोलवायची, ओसरीवर लुगडी अंथरून द्यायची आणि स्वतः जात्याशेजारी बसून टाका केवढा पडतो यावर लक्ष ठेवायची. मापही तिचंच: टाका गव्हाच्या दाण्याएवढा. बाजरीएवढा घातला तर दोरा फार जातो, हरभऱ्याएवढा घातला तर बोट अडकतं. ती गेल्यावर तिच्या लुगड्यांची गोधडी झाली खरी, पण ती शिवणारी आत्याच होती, आणि टाका गव्हाचाच पडला.

आता आत्याचा नमुना सांगतो, कारण सोप्या नमुन्यांचा विषय चाललाच आहे. नऊवारी म्हणजे तीनशे चोवीस इंच. तिची चौपदरी घडी घातली की एक्याऐंशी इंच, पावणेसात फूट. माणूस पायापासून डोक्यापर्यंत झाकून वर कानावरून ओढून घेण्याएवढा ऐवज उरतो, आणि थर आपोआप चार होतात. कात्री लागत नाही. नऊ वार भागिले चार, एवढाच त्याचा हिशेब. बायका सहावारीवर आल्या आणि गोधडीचं गणित कोसळलं. सहा वारांचे तीन थर केले तर बरोबर सहा फूट, आणि मी पाच फूट आठ इंच. थंडीच्या रात्री चार इंचांत पाय झाकायचे की कान, हा प्रश्न पडतो. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या पेहरावातील बदलांवर समाजशास्त्रज्ञांनी बरंच लिहिलं असेल. पुरुषांचे पाय उघडे पडले याची नोंद कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

साड्या अंथरायच्या, त्यांच्या पोटात धोतरं, सदरे, विटलेली चादर, जे असेल ते सपाट पसरायचं. शर्टाची बटणं, कॉलर, कफ काढून टाकायचे. पँट असेल तर शिवण उसवून घ्यायची, नाहीतर सुई तुटते. वर पुन्हा साडी. मग लांब लांब कच्चा दोरा मारून सगळं जागच्या जागी बसवायचं आणि कडेपासून शिवायला घ्यायचं. साधा धावदोरा. आधी चारी बाजूंनी एक फेरी. मग दोन बोटं आत सरकून दुसरी. मग तिसरी. अशा चौकटीत चौकटी करत मधे येऊन थांबायचं. नमुना संपला.

यात एक गंमत आहे आणि ती मला आत्या व लेक या दोघींना एकाच वेळी पाहिल्यावर कळली. लेक सांगते की थर एकत्र शिवताना मधून सुरुवात करून कडेकडे जा, म्हणजे सैल झालेलं कापड बाहेर सरकतं आणि कडेला कापून टाकता येतं. आत्या कडेपासून आत येते. तिच्याकडे सैल झालेलं कापड पळून जायला वाटच नाही. ते फेरीमागून फेरी आत रेटलं जातं आणि शेवटी मधोमध थोडा फुगवटा येतो. लेकीच्या पुस्तकात तो दोष आहे. आत्या त्याला गोधडीचं पोट म्हणते. झोपलेल्या माणसाच्या पोटावर नेमका तेवढाच भाग येतो, आणि तिथे थरांमध्ये हवा जास्त अडकते. ऊब म्हणजे शेवटी कोंडलेली हवाच. बाकी कापूस, बॅटिंग, लुगडं ही तिला कोंडून ठेवणारी निमित्तं.

कडेपासून आत येणारी आत्या एकटी नाही. गोवा आणि बेळगाव ओलांडून उत्तर कन्नड जिल्ह्यात गेलं, की यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती लागते. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोली कोकणीच्या वळणाची आणि तिच्यात मराठी-कन्नड मिसळलेलं. तिथल्या बायकांची कवंद नावाची गोधडीही कोपऱ्यापासून, कडेकडेने ठिगळं लावत आत येते. त्यांच्यात चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं बसवल्याशिवाय गोधडी पुरी झाली असं मानत नाहीत; फुलांवाचून ती उघडी. आत्याला हे मी मोबाइलवर चित्र दाखवून सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, कोपऱ्याला जादा कापड लावावंच लागतं, कारण गोधडी ओढतात ती कोपऱ्याला धरून. भांडणात आधी कोपराच फाटतो.

तिला अमेरिकेतलंही एक उदाहरण दिलं. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतावर घालून विरलेल्या पँटी, शर्ट, पोती यांच्या गोधड्या शिवल्या, थंडी वाजते म्हणून. 2002 साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या, आणि 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. गुडघ्यावर विटलेल्या डेनिमचा फिका ठिपका भिंतीवरसुद्धा छान दिसतो. आपल्याकडे गोधडीकडे असं पाहणारी माणसं थोडी. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत देखणं पुस्तक केलं. ते छापलं मात्र फ्रान्समधल्या प्रकाशनाने, कारण मराठी घरात गोधडी टेबलावर ठेवून पाहायची वस्तू नव्हे. ती पाहुणे आले की आत लपवायची वस्तू आहे.

लपवण्याची ही खोड आपल्याला लागली कशी, हे मला नीटसं उमगलेलं नाही. कारण गोधडी अंगावर घेऊन चारचौघांत उजळ माथ्याने फिरलेली माणसं आपण देवळात बसवली आहेत. नगर जिल्ह्यात कर्जतला गोदड महाराज आहेत. आणि आमच्या नाशकात गोदावरीवरून पंचवटीकडे जाताना एक पूल ओलांडतो, त्या पुलालाच गाडगे महाराजांचं नाव आहे. अंगावर ठिगळं, हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगं. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडे महाराज म्हणत. यात्रेकरूंना पाठ टेकायला जागा हवी म्हणून त्यांनी नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. इतरांच्या झोपेची एवढी काळजी करणाऱ्या माणसाचं ठिगळांचं पांघरूण मात्र आपण तसबिरीत ठेवलं आणि आपल्या घरातलं दिवाणाच्या पोटात.

आमच्या घरात आत्याचा सोपा नमुना प्रत्यक्षात आणताना तीन अडचणी आल्या. पहिली जागेची. गोधडी अंथरायला आठ फूट बाय सहा फूट रिकामी जमीन लागते, आणि गंगापूर रोडच्या आजच्या भावात रिकामी जमीन ही गोधडीपेक्षा फार वरची गोष्ट झाली. सोफा गॅलरीत गेला. टीपॉय बाथरूमच्या तोंडाशी उभा राहिला. दुसरी अडचण माणसांची. ओसरीवर चार कोपऱ्यांना चार बायका बसत, आम्ही तिघं. चौथ्या कोपऱ्यावर आधी वरवंटा, मग लोखंडी तवा ठेवून पाहिला आणि शेवटी मुलाची डंबेल्स ठेवली, जी विकत आणल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच उचलली गेली.

तिसरी अडचण खरी. आत काय घालायचं?

गाठोडं सोडलं तेव्हा लक्षात आलं की त्यातलं निम्मं कामाचं नाही. नायलॉन, जॉर्जेट, कसलं कसलं सिल्क. आत्या एकेक साडी हातात घ्यायची आणि बाजूला टाकायची. “ही सरकती. ही अंगाला चिकटती. ही बागेत बांधायची.” उरल्या त्या सुती साड्या, आणि त्या पडताच बायकोचा चेहरा बदलू लागला. ही माझ्या पहिल्या मंगळागौरीची. ही बाबांनी इंदूरहून आणलेली. ही तर अजून नेसण्यासारखी आहे. ‘अजून नेसण्यासारखी’ ती साडी बायकोने मुलीच्या बारशानंतर नेसलेली मला आठवत नाही, आणि मुलगी आता ओहायोत घराचे हप्ते भरते. पण हे बोलायची ती वेळ नव्हती, कारण त्यानंतर माझ्या शर्टांचा नंबर होता.

नाइन पॅचचं कापड दुकानात मिळतं. मेन रोडला जा, रंग सांगा, मीटर सांगा. गोधडीचं कापड दुकानात नसतं. ते घरातच तयार व्हावं लागतं, आणि त्याला बारा-पंधरा वर्षांची धुणी लागतात. कोऱ्या कापडाला खळ असते, ताठा असतो. धुण्याधुण्याला धागा झिजतो, मोकळा होतो आणि मग कुठे ते अंगाला न टोचणारं होतं. म्हणून तर तान्ह्या बाळाच्या दुपट्यालाही घरातलं जुनं कापड काढतात, कोरं नाही. अशा तयार कापडावर हात ठेवून घरातलं माणूस म्हणतं, हे नको, हे राहू दे. मग तास जातो. तीनशे पंधरा तुकडे कापायला लागतो तेवढा वेळ एक निळा शर्ट सोडून द्यायला लागू शकतो, हे मी अनुभवाने सांगतो. धावदोरा कुणालाही येतो. गोधडी अडते ती कपाटापाशी.

निळा शर्ट गेला. कॉलर कापताना आत्या म्हणाली, “आता कुठं याचा उपयोग झाला.” पस्तीस वर्षं मोजमापं लिहिलेल्या शर्टाबद्दल हे उद्गार.

गोधडी झाली ती अशी: नाइन पॅच शिवून तयार होतं, पण त्याचं काय करायचं हे ठरत नव्हतं. शेवटी बायकोने ते वरच्या अंगाला घेतलं, खाली आपली मंगळागौरीची साडी लावली, मधे बॅटिंगच्या जागी माझे शर्ट भरले आणि कडेने गोट लावला. आत्याने आत येणाऱ्या चौकटी मारल्या. तिचा धावदोरा चौकोनांच्या रेषा न जुमानता, आपल्या वाटेने, आडवा-उभा निघून गेला. कोपरे जुळले की नाही हे आता कुणालाच दिसत नाही. माझं सूत-सुताचं गणित तिने दोन दिवसांत पुरून टाकलं. मधे पोट आलं.

मग बायको म्हणाली, हे लेकीला पाठवायचं. मार्चमध्ये भाचा तिकडे जाणार होता. विमानात एका बॅगेला तेवीस किलो चालतात, आणि ते आधीच वाटले गेले होते: भाजणी, मेतकूट, कुरडया, लोणच्याच्या दोन बरण्या, उन्हाळी पापड. गोधडी वजनकाट्यावर ठेवली. तीन किलोच्या वर गेली. एवढ्या वजनात लोणचं, पापड आणि अर्धी भाजणी जाते. भाच्याने तोंड वाईट केलं. बायको एकेक बरणी उचलून खाली ठेवू लागली, मी म्हटलं लोणचं ठेव, तिकडे लोणचं मिळतं. ती म्हणाली, गोधड्याही मिळतात. त्यावर आत्याने कुरडया बाहेर काढल्या, त्या गोधडीच्या घडीत मधोमध ठेवल्या, घडी आवळून बांधली आणि म्हणाली की आता कुरडया मोडणार नाहीत. वजनाचा प्रश्न त्याने सुटला नाही. लोणच्याची एक बरणी राहिली, आणि ती आम्ही अजून खातो आहोत.

लेकीला गोधडी आवडली. पहिल्याच आठवड्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे बर्फ पडत होतं. ती गोधडी खांद्यावर घेऊन बसली होती, आणि तिला एक शंका होती. ही धुवायची कशी? मशीनमध्ये कोमट पाण्यात चालेल का? ड्रायर कमी उष्णतेवर लावायचा का? किती आठवड्यांनी?

आत्याला प्रश्न समजावून सांगावा लागला. निफाडकडे काय आणि नाशकात काय, घरातली सगळी पांघरुणं धुण्याचा दिवस ठरलेला आहे. भाद्रपद सरत आला, घट बसायला चार-आठ दिवस राहिले, की दसऱ्याच्या धुण्याला गोधड्या निघतात. पूर्वी आनंदवल्लीच्या, सोमेश्वरच्या काठावर रांगा लागत. गोधडी पाण्यात पडली की दुप्पट-तिप्पट जड होते. ती हाताने धुवायची वस्तूच नाही, पायाने तुडवायची, मग दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पिळायची आणि दगडावर पसरायची. आता नदीत कपडे धुवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. सात किलोच्या मशीनमध्ये ओली गोधडी फिरत नाही, मशीनच जागचं हलतं. मग सोसायटीची गच्ची, मोठं टब, आणि कठड्यावर कुणाची गोधडी आधी यावरून सेक्रेटरींकडे तक्रार. एकदा तर एका ओल्या गोधडीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या पितरांच्या पानावर पडलं होतं, आणि त्यावर वार्षिक सभेत ठराव आला.

हे सगळं जिच्या डोळ्यांपुढून गेलं असेल त्या आत्याने फोन तोंडाजवळ धरला आणि ओहायोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, “दसऱ्याला धुवायची.”

“अगं हो आजी, पण मधल्या काळात?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. “मधला काळ म्हंजी?”